नागपुरातली ॲक्सेसिबल वेबसाइट स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुपवर तेच तेच प्रश्न येऊन राहिले, फोनवर पण तेच, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. सगळं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. पण संस्थेकडून येणार असाल तर संस्थांचा प्रश्न आणि डोमेनचा प्रश्न हे दोन सोडू नका.

ही स्पर्धा नेमकी काय आहे?

वेब डिझायनर, डेव्हलपर, कॉलेजचे पोट्टे-पोट्ट्या, मराठीत नीट लिहिता येणारे लोक अशा ४ ते ६ जणांची एक टीम बनते. प्रत्येक टीमला शहरातली किंवा जिल्ह्यातली एक छोटी सामाजिक संस्था मिळते, आणि ६ आठवड्यांत टीमनं त्या संस्थेची वेबसाइट फुकटात बनवून द्यायची किंवा असलेली दुरुस्त करायची. अट एकच, की ती साइट दिसत नाही अशा माणसाला, ऐकू येत नाही अशा माणसाला, हात थरथरतो म्हणून माउस धरता येत नाही अशा माणसाला, कुणालाही शेजारच्याला हाक न मारता स्वतः वापरता आली पाहिजे. शेवटी परीक्षण होतं, नंबर काढतो, चहापोहे होतात.

ही कल्पना तुमचीच का?

नाही बाप्पा. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९८ पासून ‘ॲक्सेसिबिलिटी इंटरनेट रॅली’ नावाची अशी स्पर्धा होते, ‘नोबिलिटी’ नावाची ना-नफा संस्था ती चालवते, मध्ये काही वर्षं त्या स्पर्धेला ‘ओपनएअर’ पण म्हणायचे. तिथे आधी टीमला ट्रेनिंग मिळतं, मग एखादी संस्था किंवा कलाकार जोडून देतात, आणि शेवटी जाणकार लोक साइट तपासून मार्क देतात. सुरुवातीला एका दिवसात साइट उभी करायचा धडाका असायचा, पुढे तो काही आठवड्यांचा झाला, आणि ते बरंच झालं कारण एका दिवसात बनते ती साइट फोटो काढण्यापुरतीच. आपण तिथून सांगाडा घेतला, बाकी अडचणी सगळ्या आपल्या इथल्या आहेत, त्या पुढे येतीलच.

ॲक्सेसिबल आहे की नाही हे ठरवणार कोण? काही नियम आहेत का?

आहेत, आणि ते आमच्या मनचे नाहीत. डब्ल्यूसीएजी नावाची जगभर चालणारी नियमावली आहे, पहिली १९९९ ची, मग २००८ मध्ये २.०, २०१८ मध्ये २.१ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२. तिच्यात ए, डबल ए, ट्रिपल ए अशा ३ पातळ्या आहेत, आपण डबल ए धरतो. साइटवरचं सगळं जाणवलं पाहिजे, वापरता आलं पाहिजे, समजलं पाहिजे आणि वेगवेगळ्या यंत्रांवर टिकलं पाहिजे, या चार गोष्टींवर ती उभी आहे. पूर्ण वाचायला बसाल तर झोप येईल, आम्ही ट्रेनिंगमध्ये कामापुरतं सांगतो.

मला कोडिंग येत नाही, मी काय करू?

खरं सांगू का, कोडिंगवाले भरपूर येतात, कमी पडतात ते फोटोचं वर्णन नीट लिहिणारे, व्हिडिओला मराठी कॅप्शन टाकणारे, संस्थेच्या ‘परिचय’ पानावरच्या चौदा ओळींच्या वाक्याचे पाच वाक्यं करणारे. फोटोचं वर्णन म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, ते लिहिणं सोपं नाही. ‘फोटो १’ लिहून काही होत नाही, आणि ‘निळ्या साडीतल्या बाई हसून राहिल्या, मागे पडदा आहे, पडद्यावर फुलं आहेत’ एवढंही नको. फोटो त्या पानावर कशासाठी आहे ते बघायचं, ‘शिवणवर्गातल्या मुली मशीनवर काम करताना’ एवढ्यानं काम भागतं. नुसती सजावट असेल तर वर्णन रिकामं ठेवायचं, पण कोडमधला ऑल्टचा रकाना काढून टाकायचा नाही, काढला तर काही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, फाइलचं नावच वाचायला लागतात, आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन चार वगैरे.

ते एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का, हेही विचारतात. घ्या, पण त्याला तुमच्या संस्थेतली माणसं माहीत नाहीत आणि कार्यक्रम कोणता तेही माहीत नाही, त्यामुळे नंतर एकदा माणसानं वाचून दुरुस्त करायचंच.

संस्थेनं काय द्यायचं? पैसे?

पैसे नाही, माणूस द्यायचा. आमचा सगळ्यात कडक नियम हाच आहे आणि यावरून वाद पण होतात. प्रत्येक संस्थेनं असे २ जण द्यायचे जे उद्या साइटवर बातमी टाकणार आहेत, फोटो चढवणार आहेत, अहवाल लावणार आहेत. अध्यक्ष नको, सचिव पण नको, ते उद्घाटनाला या, स्वागत आहे. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताई किंवा टायपिंग करणारे काका जे कुणी असतील ते पाहिजे, आणि त्यांनी ट्रेनिंगला टीमसोबतच बसायचं, वेगळं नाही.

कारण असं की टीम ६ आठवड्यांनी निघून जाते. त्या दिवशी साइट एकदम चकाचक असते. मग काही महिन्यांनी १५ ऑगस्टचा कार्यक्रम होतो, ताई व्हॉट्सॲपवर आलेलं पोस्टर उचलून जसंच्या तसं होमपेजवर टाकतात, त्यात तारीख वेळ पत्ता फोन नंबर सगळं चित्रातच, स्क्रीन रीडरला त्यातलं एक अक्षर दिसत नाही, आणि झालं सगळं जिथल्या तिथे. ताईंची त्यात काय चूक, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आम्ही १०० पैकी ३० मार्क ताईंसाठी ठेवले आहेत. शेवटच्या दिवशी परीक्षक संस्थेच्या माणसाला एक नवीन बातमी, एक फोटो आणि एक फॉर्म साइटवर टाकायला सांगतात, टीमनं हात लावायचा नाही, बाजूला उभं राहायचं. ते पान ॲक्सेसिबल निघालं तर मार्क. डेव्हलपर लोकांना हे अन्यायाचं वाटतं, ‘आमच्या कोडचे मार्क दुसऱ्याच्या हातात कायले देता’ म्हणतात. पण ती साइट त्या दुसऱ्याच्याच हातात राहणार आहे ना.

साइट मराठीत बनवली तर काही वेगळं करावं लागतं का?

लागतं, आणि बाहेरच्या इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे तुम्हाला कुठेच मिळणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, जुने फॉन्ट. संस्थांचा निम्मा मजकूर कृतिदेव नाहीतर श्रीलिपीमध्ये टाइप केलेला असतो. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसते पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे आतून ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. स्क्रीन रीडर बिचारा आतलं वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी भलतंच ऐकू येतं, आणि गूगललाही त्या पानावर काय आहे ते कळत नाही. सगळं युनिकोडमध्ये आणा, त्यात आत साठवलेली अक्षरं पण मराठीच असतात. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हमखास गडबडते, म्हणून बदलल्यावर माणसानं एकदा वाचायचं.

दुसरं, पानाची भाषा. बहुतेक थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, कोडच्या पहिल्याच ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली असते, ती मराठी करा, एवढासा बदल आहे. नाहीतर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो आणि त्याचं काय होतं ते ट्रेनिंगमध्ये ऐकवतो. मध्येच इंग्रजी परिच्छेद आला तर त्या परिच्छेदाची भाषा वेगळी सांगता येते.

तिसरं, अक्षरांमधली जागा. इंग्रजी शीर्षकं मोकळी दिसावी म्हणून डिझायनर लेटर स्पेसिंग वाढवतात, देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. नियमावलीत यासाठी सवलत पण आहे, ज्या लिपीत एखादी गोष्ट वापरातच नाही तिथे ती लागू नाही. ओळींमधलं अंतर मात्र जास्तच ठेवा, दीडपट तरी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात आणि नजर कमी असलेल्या माणसाला काही वाचता येत नाही.

चौथं, रंग. नागपूर म्हटलं की प्रत्येक टीमला संत्रा सुचतो. ठीक आहे, पण वेबवरच्या नेहमीच्या ऑरेंज रंगावर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक, येतो जेमतेम २ ला १, आणि साध्या मजकुराला लागतो ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. त्याच ऑरेंजवर काळी अक्षरं टाका, १० च्या वर जातो. म्हणजे संत्रा ठेवा, पांढरं काढा.

आमचे सगळे अहवाल स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहेत, ते तसेच टाकले तर?

तसेच टाकले तर स्क्रीन रीडरला ते कोरं पान आहे. गूगल ड्राइव्हमध्ये पीडीएफ चढवून डॉक म्हणून उघडली तर त्यातला मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो, टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर पण आहे. तपासावं लागतं. १० वर्षांचे जुने अहवाल करत बसू नका, यंदाचा करा, आणि महत्त्वाची माहिती, म्हणजे प्रवेशाची तारीख, लागणारी कागदपत्रं, यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं) काय करायचं, हे थेट पानावरच लिहा, पीडीएफमध्ये कशाला कोंबता.

साइटच्या कोपऱ्यात तो निळा माणूस असलेलं विजेट टाकलं की साइट ॲक्सेसिबल होते ना?

नाही होत. त्यातून अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, पण ज्याला मोठी अक्षरं लागतात त्यानं स्वतःच्या फोनमध्ये ती आधीच करून ठेवलेली असतात. फॉर्मच्या रकान्याला लेबल नसेल, बटण नुसतं बटणासारखं दिसत असेल पण कोडमध्ये बटण नसेल, तर ते विजेटनं सुधारत नाही, उलट कधीकधी स्क्रीन रीडरच्या मध्येच येतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असं विजेट विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्या स्पर्धेत विजेट लावलं तर मार्क कापत नाही, पण मिळत पण नाहीत.

लाइटहाउसमध्ये आम्हाला १०० पैकी १०० आले, मग जिंकलो का?

अभिनंदन, आता परीक्षा सुरू. लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही साइट आपोआप तपासणारी टूल्स चांगली आहेत आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करा, पण ती फोटोला वर्णन आहे की नाही एवढं सांगतात, वर्णन बरोबर आहे की ‘एबीसी’ लिहिलंय ते सांगत नाहीत. तरी जगाची अवस्था बघा, वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था दरवर्षी १० लाख होमपेज अशाच टूलनं तपासते आणि त्यातल्या ९५ टक्क्यांच्या आसपास पानांवर चुका निघतात, सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे फिकट अक्षरं.

मग परीक्षण कसं होतं?

तीन टप्प्यांत. आधी टूल. मग कीबोर्ड, म्हणजे माउस काढून घ्यायचा आणि फक्त टॅब, एंटर, स्पेस, बाणाच्या कीवर सगळी साइट फिरायची, मेनू उघडतो का, आत्ता आपण कुठे आहोत ती चौकट दिसते का, पॉपअपमधून बाहेर येता येतं का. ती चौकट दिसायला चांगली नाही म्हणून डिझायनर काढून टाकतात, कृपा करून काढू नका.

तिसरा टप्पा खरा. दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग परीक्षक स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या लॅपटॉपवर साइट वापरतात. कामं आधीच ठरलेली असतात, संस्थेचा फोन नंबर शोधा, वसतिगृहाचा अर्ज भरा, देणगी द्या. लॅपटॉपवर बहुतेक एनव्हीडीए असतो, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला फुकट स्क्रीन रीडर, मराठी आवाज त्याच्यासोबतच येतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. टीमनं त्या वेळी गप्प बसायचं. ‘दादा, वर उजवीकडे बघा’ असं म्हणायचं नाही.

इथे बऱ्याच टीम देणगीच्या पानावर अडकतात. क्यूआर कोडचं नुसतं चित्र लावलेलं असतं. दिसत नाही त्याला ते निरुपयोगीच, पण ज्याला दिसतं तो पण मोबाइलवरच साइट बघत असेल तर स्वतःच्याच फोनच्या स्क्रीनवरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं कसा स्कॅन करणार? यूपीआय आयडी खाली अक्षरांत लिहा. दुसरा अडकायचा भाग म्हणजे ‘येथे क्लिक करा’. एनव्हीडीएमध्ये पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढता येते, त्या यादीत ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ असं आलं तर माणसानं काय समजायचं? ‘प्रवेश अर्ज’, ‘वार्षिक अहवाल’ असं लिहा ना सरळ.

परीक्षकांना मानधन देता का?

हो. डेव्हलपर फुकट, आयोजक फुकट, पण दिव्यांग परीक्षकांना मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च. ‘सगळेच स्वयंसेवक मग त्यांनाच का’ असं विचारणारे भेटतात. कारण साइट तपासणं हे कौशल्याचं काम आहे, आणि या लोकांना आयुष्यभर सगळीकडे ‘जरा बघून सांगा ना’ म्हणून फुकटच बोलावतात.

सगळ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून साइट वापरून बघायचा कार्यक्रम ठेवा ना, मजा येईल.

नाही ठेवणार. पट्टी बांधल्यावर ५ मिनिटांत तुम्हाला कळतं ते एवढंच की अचानक दिसेनासं झालं की घाबरायला होतं. रोज स्क्रीन रीडर वापरणारा माणूस तुमच्यापेक्षा कितीतरी वेगात फोन चालवतो, आवाजाचा स्पीड एवढा ठेवतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. त्याच्या बाजूला बसून तो कुठे अडतो ते बघा.

कर्णबधिर लोकांना तर दिसतं, मग वेबसाइटवर त्यांना काय अडचण?

व्हिडिओला कॅप्शन नसणं ही एक, ती सगळ्यांना माहीत असते. आपोआप आलेल्या कॅप्शन न तपासता ठेवू नका, नावं आणि गावं भयानक चुकतात. दुसरी अडचण लक्षात येत नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, आणि लहानपणापासून तीच वापरणाऱ्या अनेकांसाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते. ‘सदर योजनेअंतर्गत इच्छुक लाभार्थ्यांनी विहित नमुन्यात’ असलं वाक्य माझ्याही डोक्यावरून जातं. छोटी वाक्यं लिहा आणि जमलं तर मुख्य माहितीचा सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ टाका. आणि संपर्काला फक्त फोन नंबर नको, मेसेजचा पर्याय पण द्या.

आमच्या साइटवर दिव्यांग कुणी येतच नाही, मग आम्ही कशाला भाग घ्यायचा?

येत नाही की येऊन परत जातो? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर. शिवाय मोतीबिंदू झालेले आजोबा, हात फ्रॅक्चर झालेला मुलगा, दुपारच्या उन्हात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उभं राहून फोनची स्क्रीन न दिसणारे तुम्ही.

कायद्यानं हे करावंच लागतं का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता यावं हे लिहिलेलं आहे. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत ट्रस्ट आणि सोसायटी पण येतात, म्हणून ‘आम्ही छोटे’ हे उत्तर पुरत नाही. सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ॲक्सेसिबिलिटीचे नियम नुसत्या सूचना नकोत, बंधनकारक पाहिजेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरलं. तरी कायद्याच्या भीतीनं येणाऱ्या संस्था पहिल्या दोन आठवड्यांनंतर दिसत नाहीत असा आमचा अनुभव आहे.

स्पर्धा मे महिन्यात का घेत नाही? तेव्हा तर जागतिक ॲक्सेसिबिलिटी दिवस असतो.

मे महिन्यातला तिसरा गुरुवार, माहीत आहे. पण तेव्हा नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्या माणसाला भर दुपारी बोलावणं बरोबर नाही. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन असतो तर तेव्हा हिवाळी अधिवेशनाची तयारी, नंतर मोर्चे, बॅरिकेड, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद. पोळ्याच्या पाडव्याला मारबत, त्या दिवशी महाल-इतवारीतून कुणी बाहेर पडू शकत नाही. म्हणून जानेवारीत सुरू करतो आणि कॉलेजच्या परीक्षांच्या आधी उरकतो.

जागा कुठे असते?

मेट्रोच्या ऑरेंज किंवा ॲक्वा लाइनच्या एखाद्या स्टेशनजवळ, बर्डीच्या इंटरचेंजवरून दोन्हीकडे जाता येतं. स्टेशनमध्ये लिफ्ट आहे, खरी अडचण स्टेशन ते हॉल या तुकड्याची असते, फूटपाथवर गाड्या लावलेल्या असतात. म्हणून गेटवर आमची माणसं असतात. हॉलला रॅम्प आणि व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट नसेल तर हॉल फुकट मिळाला तरी घेत नाही.

साइट साधी आणि बोअर दिसेल ना मग?

बोअर साइट बोअर डिझायनरमुळे होते. आपोआप सरकणारे बॅनर, लुकलुकणारं ‘नवीन’ आणि डावीकडून उजवीकडे पळणारी सूचना, एवढं मात्र जाईल, आणि ते गेल्याचं कुणाला दुःख झालेलं मी पाहिलं नाही.

डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर?

संस्थेच्या. टीममधल्या मुलाच्या ईमेलवर डोमेन घेतलं, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, वर्षानं रिन्यूअलचा मेल त्याच्या जुन्या आयडीवर आला, साइट बंद, असं होतं. संस्थेचा एक कायमचा ईमेल काढा, पासवर्ड ऑफिसात लिहून ठेवा, रिन्यूअलची तारीख ऑडिटच्या तारखांसोबत लिहा. वर्डप्रेस वापरत असाल तर ‘ॲक्सेसिबिलिटी रेडी’ टॅग असलेली थीम निवडा, फुकट असतात.

बक्षीस काय?

ट्रॉफी आणि प्रमाणपत्र. रोख नाही. प्रमाणपत्र युनिकोडमधल्या पीडीएफमध्ये मिळतं, आधी तसं नव्हतं आणि त्यावरून एका वर्षी आमचीच खेचली गेली होती.

टीममधले दोघं मधेच सोडून गेले तर?

आम्हाला लगेच सांगा, लपवू नका, दुसऱ्या टीममधून किंवा वेटिंगवरून माणूस देतो. सगळी टीमच बसली तर संस्थेला वाऱ्यावर सोडत नाही, छोटी ४ पानांची साइट आम्ही आयोजक मिळून करून देतो, ती स्पर्धेत धरत नाही. पण ताईंचं ट्रेनिंग तेव्हाही होतंच, त्याला सुट्टी नाही.